भुईखालची कोठारे

जुन्या मराठी वाड्यांविषयी लिहिणाऱ्यांची दृष्टी बहुधा जोत्यापासून वर चढत जाते. दिंडीदरवाजा, देवडी, फरसबंद चौक, सुरूच्या घाटाचे खांब, कडीपाटाचे छत आणि माडीवरचा दिवाणखाना एवढ्यांचे वर्णन झाले म्हणजे वाड्याचे वर्णन पुरे झाले असे मानण्याचा प्रघात पडून गेला आहे. परंतु ज्या जोत्यावर हे सारे वैभव उभे असे त्याच्या पोटात काय होते, तेथे कोण उतरत असे, केव्हा उतरत असे, आणि उतरल्यावर नेमके काय पाहून वर येत असे, याची विचारपूस करणारा लेखक विरळा. वास्तविक घराची खरी पुंजी, म्हणजे वर्षाचे धान्य, तेलतूप, दागिन्यांचा डबा आणि खतपत्रांची पेटी, ही बव्हंशी अंधारातच असे, आणि त्या अंधाराची निगा राखणे हे घरच्या कर्त्या पुरुषाचे किंवा गडाच्या अंमलदाराचे एक मुख्य कर्तव्य मानले जाई.

भूमिगत साठवणीच्या दोन रीती महाराष्ट्रात पूर्वापार चालत आल्या आहेत आणि त्या एकमेकींच्या अगदी उलट तत्त्वावर उभ्या आहेत, ही गोष्ट आरंभीच ध्यानात घेतली पाहिजे. एक रीत पेवाची आणि दुसरी तळघराची. पेव हे मातीत खणलेले, तोंडाशी अरुंद व पोटात विस्तारत गेलेले विवर. ते एकदा भरून बंद केले की गरज पडेपर्यंत उघडायचे नाही, कारण बाहेरची हवा आत न शिरणे हाच त्याचा प्राण. तळघर हे दगडाचुन्याचे बांधकाम. त्यास पायऱ्या असतात, दार असते, क्वचित एखादा झरोका असतो, आणि ते योग्य वेळी उघडून त्यात वारा खेळवला नाही तर भिंतींना लोणा लागतो व आतली चीजवस्तू कुजू लागते. एकाची निगा बंद ठेवण्यात, दुसऱ्याची उघडण्यात. हा भेद ज्यांना उमगला होता त्यांची कोठारे पिढ्यान्‌पिढ्या टिकली. आणि ज्यांना तो उमगला नाही, मग ते निष्काळजी वारसदार असोत की अतिउत्साही सरकारी अंमलदार, त्यांच्या हातून ती बिघडली, असे माझे मत आहे.

पेवाची परंपरा किती जुनी आहे हे पाहावयाचे असेल तर शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी असलेल्या इनामगावी जावे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ ते १९८३ या काळात तेथे जे उत्खनन केले त्यात ताम्रपाषाणयुगातील शेतकऱ्यांची वस्ती उघडकीस आली, आणि तिच्या घरांलगत धान्य साठविण्याचे वाटोळे खड्डे सापडले, त्यांपैकी काहींच्या अंगास चुन्याचा लेप दिलेला. तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या माणसाजवळ लोखंड नव्हते, तथापि भुईतली ओल धान्याला भिडू द्यायची नाही एवढी अक्कल त्याला आलेली होती.

पुढील काळातील पेव हे याच खड्ड्याचे प्रौढ रूप होय. त्यासाठी जागा निवडतानाच अर्धे काम होई. काळ्या जमिनीत पेव खणू नये, कारण ती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात हात हात भेगाळते, आणि भेगेवाटे हवाही जाते व पाणीही जाते. म्हणून गावठाणाची पांढरी किंवा टणक मुरुमाची उंचवट्याची जागा पसंत करीत. वडार मंडळींकडून खणून घेतलेल्या या विवराचे तोंड माणूस कसाबसा उतरेल इतकेच ठेवीत, आणि खाली गेल्यावर ते दोन्ही अंगांनी सुटत सुटत जाऊन पोटात प्रशस्त होई. खोली बारा-पंधरा फुटांपासून वीस-पंचवीस फुटांपर्यंत. खणून झाल्यावर आत काटक्याकुटक्या व पाचट पेटवून भिंती भाजून काढीत, त्यावर शेणामातीचे सारवण देत, ते वाळल्यावर तळाशी व कडेने कडब्याचा किंवा पाचटाचा जाड थर लावीत, आणि मग धान्य ओतीत. भरून झाल्यावर पुन्हा कडबा, त्यावर दगडी फरशी, फरशीच्या सांध्यांना शेणकाला, आणि त्यावर मातीचा ढीग, जेणेकरून पावसाचे पाणी तोंडाशी न थांबता चहूबाजूंनी निघून जाईल. आत कोंडलेल्या थोड्याशा हवेतील प्राणवायू धान्याच्या श्वसनाने व त्यातल्या किड्यांच्याच श्वासाने संपून जाई आणि त्याबरोबर किडेही संपत. शत्रूनेच स्वतःचा श्वास कोंडून घेतल्यावर राखणदाराला फारसे करावयाचे उरत नसे.

सोलापूर, मंगळवेढे या ज्वारीच्या मुलखात आणि मराठवाड्यात अशी पेवे गावोगाव असत, व ज्याच्या पेवात दोन सालांची ज्वारी तो गावचा प्रतिष्ठित गणला जाई. अवर्षणाच्या मुलखात ही प्रतिष्ठा पोकळ नव्हती. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात बादशाही अंबारे लुटवली ही कथा महाराष्ट्राने इतक्या जिव्हाळ्याने जपली तिचे कारण भक्तीइतकेच भुकेत आहे. भरलेले कोठार आणि उपाशी रयत यांचे नाते तेथील लोकांना चांगले ठाऊक होते. पेवातल्या ज्वारीला एक प्रकारचा आंबूस वास येई आणि भिंतीलगतचा थर कधी काळवंडून निघे. तो गुरांना घालीत. बियाणे मात्र जाणते शेतकरी पेवात ठेवीत नसत, ते राखेत कालवून किंवा कडुनिंबाचा पाला घालून मडक्यात अथवा कणगीत निराळे राखीत. पेवात खाण्याचे धान्य टिकते, पण त्याची उगवण्याची शक्ती मंदावते, हे कृषिशास्त्राच्या पुस्तकांपूर्वीच त्यांना कळलेले होते.

आता अशा बंद कोठाराची तपासणी करावयाची तरी कशी, असा प्रश्न सहजच उत्पन्न होतो. ती सारी बाहेरून होई. पहिल्या वळवानंतर धनी किंवा त्याचा विश्वासू गडी पेवाच्या तोंडावरून फेरी मारी: मातीचा ढीग खचला आहे काय, घुशीने कोठे बीळ पाडले आहे काय, शेजारच्या मोरीचे किंवा पन्हळीचे पाणी इकडे वळले आहे काय, माती नुसतीच ओलसर आहे की दाबल्यास पाणी सोडते. ढीग खचलेला दिसला तर नवी माती घालून तो चोपून घेत. बीळ दिसले तर ते खणून बुजवीत. परंतु संशय आला म्हणून ताबडतोब फरशी उचलण्याची घाई शहाणा मनुष्य करीत नसे, कारण एकदा उघडलेले पेव पूर्ववत बंद करणे म्हणजे ते नव्याने भरण्यासारखेच होते, आणि अर्धवट रिकामे झालेल्या पेवात हवा जास्त व धान्य कमी असा व्यस्त व्यवहार होऊन कीड हटकून पडे. पेव उघडायचे ते रिकामे करण्यासाठीच, हा शिरस्ता त्यातून पडला.

आणि उघडणे हेच सर्वांत धोक्याचे काम. धान्याच्या श्वसनातून निघालेला कर्बवायू हवेपेक्षा जड असल्यामुळे खालीच साचून राहतो. त्याला रंग नाही, वास नाही. दोरीने उतरलेला माणूस तळाशी पाय टेकण्यापूर्वीच भोवळ येऊन पडतो, आणि त्याला काढावयास धावलेला दुसराही त्याच्या शेजारी पडतो. अशा दुर्घटना दख्खनमध्ये काही थोड्या झालेल्या नाहीत. म्हणून फरशी काढल्यावर पेव बराच काळ, कधी सबंध दिवस, उघडे टाकीत, वरून टोपल्या किंवा घोंगडी खालीवर करून आतली हवा ढवळीत, आणि मग दोरीला कंदील बांधून तळापर्यंत सोडीत. ज्योत विझली तर थांबायचे. तेवत राहिली तर कंबरेला दोर बांधून एक जण उतरायचा व वर दोघे दोर धरून त्याच्याशी सतत बोलत राहायचे. बोलणे थांबले की ओढायचे. इ. स. पूर्व पहिल्या शतकातील रोमन ग्रंथकार व्हारो याने आपल्या कृषिविषयक ग्रंथात भूमिगत धान्यविवरांची हकिकत दिली आहे. त्यात गहू ५० वर्षे टिकतो आणि जेथे वारा पोचत नाही तेथे भुंगा होत नाही असे सांगून झाल्यावर, उघडल्याबरोबर आत उतरू नये, कारण काही लोक त्यामुळे गुदमरून मेले आहेत, असाही इशारा त्याने दिला आहे. मंगळवेढ्याच्या गड्याने व्हारोचे नाव ऐकलेले असणे शक्य नाही, पण दोघांचे ज्ञान एकाच शाळेतले.

तळघराची कथा निराळी. तेथे राखणदाराची अनुपस्थिती हेच मोठे संकट. या विषयावरील मराठीतील सर्वांत मोलाचा मजकूर, माझ्या समजुतीप्रमाणे, वास्तुशास्त्राच्या कोणत्याही पोथीत नसून राजनीतीच्या एका ग्रंथात आहे. १७१५-१६ च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनी सिद्ध केलेल्या आज्ञापत्रात दुर्गांविषयी जे प्रकरण आहे ते राजनीतीचा वस्तुपाठ म्हणून विद्वानांनी पुष्कळ वाखाणले आहे. परंतु त्यातला दारूखान्यासंबंधीचा भाग एखाद्या दक्ष गृहस्थाने आपल्या भिंतीवर लिहून ठेवावा अशा योग्यतेचा आहे. दारूखाना वस्तीच्या घरांना लागून नसावा, त्याला तळघर असावे, त्या तळघरास चुन्याचा गच्च करावा, गच्चावर माच घालून त्यावर दारूची मडकी ठेवावी, म्हणजे भांडे भुईला टेकू देऊ नये, कोठेही सर्दी पोचू देऊ नये, आणि दर आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने स्वतः येऊन दारू, बाण इत्यादी बाहेर काढून, त्यांस ऊन देऊन, पुन्हा आत ठेवून मुद्रा करावी, असा त्याचा आशय आहे.

या थोड्याशा वाक्यांत केवढी व्यवहारदृष्टी साठली आहे ते पाहावे. दारूतला मुख्य घटक सोरा; तो अशुद्ध असला, आणि त्या काळचा सोरा बहुधा तसाच असे, तर हवेतली ओल भराभर ओढून घेतो, आणि ओली दारू वेळेवर पेटत नाही. शत्रू तटाशी येऊन ठेपल्यावर हा शोध लागून काय उपयोग? म्हणून गच्च झाला, गच्चावर माच झाला, माचावर मडके झाले. आणि एवढे करूनही ग्रंथकाराचा बांधकामावर विश्वास नाही, त्याचा विश्वास पंधरवड्याच्या पाहणीवर आहे. शिवाय पाहणी कोणी करावयाची हेही त्याने मोघम ठेवलेले नाही. गडावरच्या कोठारांचा हिशेब ठेवण्यास कारखानीस असे, जमाखर्चास सबनीस असे. परंतु तळघर उघडून पाहण्याचे काम गडाच्या मुख्य अधिकाऱ्याकडे, म्हणजे हवालदाराकडे, लावून दिले, आणि पाहणी झाल्याची खूण म्हणून मुद्रा करावयास लावली. न उघडताच पाहिले असे सांगणाऱ्या अंमलदारांचा अमात्यांना दीर्घ अनुभव असावा, असा तर्क करण्यास जागा आहे.

धान्यगृहांच्या बाबतीतही आग, उंदीर, किडा, मुंगी व वाळवी यांचा उपद्रव होऊ नये म्हणून भुईला दगड बसवून गच्च करण्याची सूचना त्याच प्रकरणात आहे. पन्हाळ्यावरील गंगा, यमुना व सरस्वती या तीन कोठ्यांचा अंबारखाना आजही उभा आहे आणि त्यांपैकी एकट्या गंगाकोठीत २५,००० खंडी धान्य मावे असे सांगतात. पण ती इमारत भुईवरची, जाड भिंतींची व वरून धान्य ओतण्याची असल्यामुळे तिचा येथे विस्तार नको. तिचेच घरगुती रूप म्हणजे वाड्यातले बळद: दोन भिंतींच्या बेचक्यात कोंडलेली अंधारी जागा, जीत माडीवरच्या भोकातून धान्य ओतावयाचे व तळाशी ठेवलेल्या लहान खिडकीतून काढावयाचे. बळदाचा गुण असा की जुने धान्य आधी बाहेर येते. दोष असा की ते ना पेवासारखे निर्वात, ना तळघरासारखे मोकळे, आणि म्हणून उंदरांना अतिशय प्रिय.

वाड्यातील तळघरांना गडाच्या हवालदाराचा धाक नसे, तरी त्यांनाही एक वार्षिक क्रम होता. काळ्या दगडाचे घडीव जोते आणि वर विटांची भिंत अशी जी रचना देशावर सर्वत्र दिसते तिच्यामागे केवळ शोभा नाही. दख्खनचा काळा पाषाण घट्ट असून भुईची ओल वर चढू देत नाही, उलट वीट पाणी शोषते, म्हणून विटेला भुईपासून दूर ठेवावयाचे. चैत्र-वैशाखात तळघरातील सामान बाहेर काढून ऊन द्यावे, भिंतींचा सुटलेला चुना खरवडून नवा लेप द्यावा, चुन्याची सफेती करावी, कडुनिंबाची धुरी द्यावी. पावसाळ्यात मात्र हवा खेळती ठेवावी म्हणून भर श्रावणात दार सताड उघडणे ही चूक. कारण बाहेरची दमट ऊबदार हवा आत येऊन गार दगडाला भिडली की तिच्यातले पाणी भिंतीवर उतरते आणि तळघराला अक्षरशः घाम फुटतो. पाऊस उघडून कोरडे ऊन पडले म्हणजे दुपारी दोन घटका उघडावे आणि सांजेस बंद करावे, असा मध्यम मार्ग. आश्विनाची हीट सुरू झाली की पुन्हा एकदा सर्व बाहेर.

येथे एक गोष्ट जाता जाता सांगितली पाहिजे. जुन्या तळघराच्या भिंतींना ओल आली म्हणून अलीकडे त्यांवर सिमेंटचा गिलावा चढविण्याची जी टूम निघाली आहे तिच्याइतका घातक उपाय दुसरा नाही. चुना सच्छिद्र असतो; भिंतीतली ओल त्यातून हळूहळू बाहेर पडून उडून जाते. सिमेंटने ती वाट बंद केली की ओल भिंतीतच अडकते, क्षार गिलाव्याच्या पाठीमागे साचतात, आणि दोन-चार पावसाळ्यांनी तो गिलावा पोपडे धरून खाली येतो तो आपल्याबरोबर विटेचा चेहराही घेऊन येतो. गवंड्याचे बिल मात्र तोवर चुकते झालेले असते.

घराच्या अंधाऱ्या भागांची सरकारी तपासणी हा प्रकार महाराष्ट्राने प्रथम मोठ्या प्रमाणावर पाहिला तो प्लेगच्या काळात. १८९६ साली मुंबईत प्लेग उद्भवला आणि पुढील वर्षाच्या आरंभी पुण्यात त्याने थैमान घातले. मार्च १८९७ पासून प्लेग अधिकारी रँडच्या देखरेखीखाली गोऱ्या शिपायांच्या तुकड्यांनी घरोघर ज्या झडत्या घेतल्या त्यांची हकिकत सर्वश्रुत आहे, आणि २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवरील हल्ल्याच्या रूपाने त्यांचा जो परिणाम झाला तोही. राजकीय इतिहासकारांनी या प्रकरणाची राजकीय बाजू पुरेपूर मांडली आहे. घरांच्या इतिहासाच्या दृष्टीने त्यातली लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की रोगाचे मूळ अंधारात, घाणीत व कोंदट हवेत आहे अशी त्या काळची वैद्यकीय समजूत असल्यामुळे भुई उकरणे, छपराची कौले काढून उजेड आत घेणे, भिंतींना चुना फासणे हे उपाय सरसकट अमलात आले, आणि माजघर, बळद, तळघर या सर्वांना एकच नियम लावण्यात आला. उंदरावरील पिसवांमुळे प्लेग पसरतो ही गोष्ट पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच वैद्याने कराचीत दाखवून दिली ती १८९८ साली, आणि ती सर्वमान्य होण्यास आणखी काही वर्षे गेली. ते ज्ञान आधी असते तर कदाचित असे दिसून आले असते की ज्यावर संशय घ्यावयाचा ते बळद, आणि नीट बंद केलेले पेव हे त्या मानाने निरुपद्रवी, कारण त्यात उंदीर जगतच नाही. अंमलदारांचा हेतू दुष्ट होता असे म्हणण्याची गरज नाही. त्यांच्या हाती एकच किल्ली होती व ती त्यांनी प्रत्येक कुलपाला लावली. परंतु त्यानंतर जमिनीखालच्या जागेविषयी शहरी मध्यमवर्गाच्या मनात जी एक अढी बसली ती बसलीच. नव्या घरांचे नकाशे तळघराविना होऊ लागले व जुन्यांत अडगळ साचू लागली.

तळघरांच्या नाशास आणखी एक कारण घडले, ते म्हणजे लोभ. पूर्वजांनी मोहरांचे हंडे पुरून ठेवले असतील या आशेने कित्येक वारसदारांनी जी तळघरे डागडुजीसाठी कधी उघडली नाहीत ती खणण्यासाठी उघडली, गच्च फोडला, आणि पायाखालची माती उकरून भिंतींना तडे घालविले. सरकारने १८७८ सालीच निखात निधीचा कायदा करून दहा रुपयांहून अधिक किमतीचे गुप्तधन सापडल्यास कलेक्टरास वर्दी देण्याचे बंधन घातले होते. पण वर्दी देण्याजोगे काही निघण्याचा योग फार थोड्यांना आला, आणि फुटलेला गच्च मात्र सर्वांच्याच वाट्याला आला. भाऊबंदकीत वाडा वाटला गेला म्हणजे खोल्यांच्या वाटण्या होत, तळघराची होत नसे. ते सर्वांचे म्हणून कोणाचेच नाही, अशा अवस्थेत पडून राही. पुण्याच्या नदीकाठच्या पेठांत उरलेसुरले काम १२ जुलै १९६१ रोजी पानशेत व खडकवासला या धरणांच्या फुटण्याने केले. पाण्याने आणलेला गाळ ज्या तळघरांत भरला ती उपसण्यापेक्षा बुजवून टाकणे स्वस्त पडले.

पेवांची विद्या सर्वांत शेवटपर्यंत जिवंत राहिली ती सांगलीजवळच्या हरिपुरात. कृष्णा आणि वारणा यांच्या संगमावरचे, संगमेश्वराच्या देवालयाचे, नाटककार गोविंद बल्लाळ देवलांचे हे जन्मगाव व्यापारी जगात ओळखले जाई ते मात्र हळदीच्या पेवांसाठी. सांगलीची हळदीची पेठ देशातल्या अग्रगण्य पेठांपैकी एक, आणि नुसत्या भोवतालच्या मुलखातलाच नव्हे तर कर्नाटक व आंध्रातलाही माल तेथे सौद्यास येई. हळकुंड शिजवून, वाळवून, घासून विक्रीयोग्य झाले तरी भाव पडलेला असला तर ते वर्ष दोन वर्षे राखून ठेवावे लागते, आणि साध्या वखारीत ठेवलेले हळकुंड भुंग्याने पोखरून त्याचे पीठ होते. हरिपूरच्या जमिनीचा गुण असा की नदीने युगानुयुगे साठविलेला तिथला चिवट गाळाचा थर खणल्यावर ढासळत नाही व पाणी सहजी झिरपू देत नाही. त्या मातीत खणलेल्या पेवांतून हळद काही वर्षांनी काढली तरी तिला कीड नसे आणि रंग उतरलेला नसे. उलट तो अधिक खुलतो असे व्यापारी मानीत.

या पेवांभोवती एक सबंध अर्थव्यवहार उभा राहिला होता. माल कोणाचा, पेव कोणाचे, भाडे किती, मालाच्या तारणावर रक्कम कोणी दिली, याचे कागद होत. माल डोळ्यांआड आणि मातीखाली असतानाही तो हातोहात विकला जाई, आणि ज्याने तो विकत घेतला त्याने कधी पाहिलेला नसला तरी बंद पेवातल्या मालाची प्रत बिघडत नाही या भरवशावर व्यवहार चाले. फरशीवरची माती उकरलेली नाही एवढीच खातरजमा सावकाराच्या कारकुनास पुरे होई. आज्ञापत्रातल्या हवालदाराची मुद्रा आणि हरिपूरची अभंग माती यांचे काम एकच, फक्त एक पंधरा दिवसांनी मोडावयाची व दुसरी सौदा पुरा होईपर्यंत जपावयाची.

२००५ च्या पावसाळ्यात कृष्णेला आलेल्या महापुराने या व्यवसायाचे कंबरडे मोडले. ज्या मातीने वरून येणाऱ्या पावसाला दाद दिली नव्हती ती कित्येक दिवस पुराच्या पाण्याखाली राहिली. अनेक पेवांत पाणी शिरले, हळद कुजली, भिंती ढासळल्या, आणि व्यापाऱ्यांनी आपला माल गोदामांत व शीतगृहांत हलविला. पुढे २०१९ साली त्याहूनही मोठा पूर आला तेव्हा बुडण्यासारखी पेवे फारशी उरलीही नव्हती. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले ही आनंदाची गोष्ट खरी, परंतु ती हळद आता विजेवर चालणाऱ्या यंत्रांच्या थंडाव्यात राहते, आणि पेवाला ज्या कामासाठी विजेची एक पै लागत नसे त्यासाठी दरमहा विजेचा खर्च मोजावा लागतो. पुराचा धोका असलेल्या जागी पेवे पुन्हा खणावीत असे कोणी शहाणा सुचविणार नाही. मात्र कोरड्या, उंच, मुरुमाड तालुक्यांत, जेथे आजही शेतकरी ज्वारी घरात टिकत नाही म्हणून काढणीच्या वेळीच पडत्या भावाने विकतो, तेथे पेवाचा पुनर्विचार कृषिखात्याने का करू नये, याचे समाधानकारक उत्तर मला मिळालेले नाही.

तूर्त जे उरले आहे त्याची नोंद तरी व्हावी. ज्यांच्या जुन्या घरात तळघर, बळद किंवा अंगणात बुजत चाललेले पेव असेल त्यांनी ते राडारोड्याने भरण्यापूर्वी त्याची लांबी, रुंदी, खोली मोजून, तोंडाचा व भिंतींचा नकाशा काढून, घरातल्या वृद्धांना ते केव्हा उघडीत व कसे भरीत हे विचारून, एवढा मजकूर गावच्या वाचनालयात किंवा पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या एखाद्या संस्थेत पोचवावा. आणि कित्येक वर्षे बंद असलेल्या पेवात, आड बुजवून केलेल्या टाक्यात किंवा तळघरात मोजमापासाठी स्वतः किंवा मजुरास उतरविण्यापूर्वी ते निदान एक दिवस उघडे टाकावे, आतली हवा तपासणारे यंत्र मिळत असेल तर ते लावून पाहावे, वर दोर धरून दोन माणसे उभी करावीत, आणि आत कोणी पडलेच तर त्याच्यामागे उडी घेऊ नये, अग्निशामक दलास बोलवावे.